वासाची साक्ष

निकाल लागला त्या दुपारी भैरवमळ्यात पेढे वाटले गेले. संध्याकाळी महापालिका अपिलात जाणार अशी बातमी आली.

नगरसेविका सुवर्णा खरमाळे त्या वेळी चौकात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सत्कार घेत होती. गळ्यात झेंडूचा हार, समोर वस्तीतल्या बायका, कुणीतरी मोठ्यानं लावलेला स्पीकर. फोन महापौरांच्या स्वीय सहायकाचा होता.

"ताई, विशेष सभा लावतोय. विषय एकच. उच्च न्यायालयाच्या निकालावर अपील करायचं की नाही. साहेबांनी उद्या भेटायला बोलावलंय."

सुवर्णानं हार काढून मांडीवर ठेवला. शेजारच्या झुंबरबाईंनी विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही. साहेबांनी अभिनंदनाला बोलावलंय," ती म्हणाली.

भैरवमळा म्हणजे शेंदूरगड शहराचं पूर्वेचं टोक. विकास आराखड्यात वस्तीला लागून असलेली मोठी जागा उद्यानासाठी राखीव होती, नकाशावर हिरव्या रंगात. सुवर्णा लग्न होऊन आली तेव्हा तिथं बाभळी होत्या आणि पोरांचं क्रिकेटचं मैदान होतं. पुढं शहराचा जुना डेपो भरला आणि पालिकेनं 'तात्पुरती सोय' म्हणून तिथं कचरा टाकायला सुरुवात केली. सुवर्णाची मुलगी ईश्वरी तेव्हा बालवाडीत होती. आता ईश्वरी फिजिओथेरपिस्ट होऊन शहरातल्या एका दवाखान्यात नोकरी करत होती, आणि हिरव्या जागेवर तीन-चार मजली इमारतीएवढा डोंगर उभा होता.

वस्तीनं आधीही दावे लावले होते. दर वेळी पालिकेची माणसं वायू मोजायची उपकरणं घेऊन यायची आणि प्रत्येक वायू मर्यादेत निघायचा. अमोनिया मर्यादेत, हायड्रोजन सल्फाइड मर्यादेत. कागदावर भैरवमळा ठणठणीत होता. 'दुर्गंधी' हा शब्द याचिकेत लिहिता येत होता, पण ती दुर्गंधी न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवता येत नव्हती.

डॉ. फिरोज तांबोळी नावाच्या संशोधकानं ते शक्य केलं.

माणसाच्या नाकात वास ओळखणारी प्रथिनं असतात, सुमारे चारशे प्रकारची. एका वासाला एक प्रथिन असा हिशेब नसतो. हार्मोनियमच्या काही पट्ट्या एकदम दाबल्या की जसा एक मिळून स्वर उठतो, तसा काही प्रथिनं एकदम जागी झाली की मेंदूला एक वास कळतो. तांबोळींनी ही प्रथिनं प्रयोगशाळेत वाढवून नखाएवढ्या चिपवर बसवली. चिप हवेत ठेवली की कुठल्या पट्ट्या किती दाबल्या गेल्या, याची नोंद होत राहते. यंत्राचा दुसरा भाग याच्या उलट काम करतो. त्यातल्या कुप्यांतली निरुपद्रवी रसायनं अशा प्रमाणात बाहेर सोडली जातात की हुंगणाऱ्याच्या नाकात नेमक्या त्याच पट्ट्या दाबल्या जाव्यात.

"टीव्हीच्या पडद्यावर पिवळा रंग नसतोच," तांबोळींनी न्यायालयात सांगितलं होतं. "लाल आणि हिरवे ठिपके असतात. पिवळा आपला मेंदू पाहतो. हेही तसंच."

यंत्राचं सरकारी नाव गंधलेखक. वस्ती त्याला नाकपेटी म्हणायची.

नमुना घ्यायला तांबोळींना एक राहतं घर हवं होतं. कुणी तयार होईना, म्हणून सुवर्णानं आपलं दिलं. अख्खा पावसाळा नाकपेटी तिच्या घरात टांगलेली होती. कधी स्वयंपाकघरात, कधी कपड्यांच्या कपाटात, कधी उशीपाशी. न्यायाधीशांनी तो नमुना आपल्या दालनात दार लावून हुंगला. मग निकाल आला. उद्यानाच्या जागेवर कचरा टाकणं हा जमिनीचा बेकायदा वापर आहे, वर्षभरात जागा मोकळी करा.

महापौर शिरीष नाईकनवरे वाईट गृहस्थ नव्हते. कुणाच्याही दुखण्याखुपण्याला धावून जायचे. दुसऱ्या दिवशी सुवर्णा केबिनमध्ये आली तसं त्यांनी शिपायाला खुणेनंच खिडकी उघडायला सांगितलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत एसी चालू होता. ती आली की ही खिडकी नेहमीच उघडायची. साहेबांना मोकळी हवा आवडते, असं तिला वाटायचं.

"ताई, अभिनंदन अगदी मनापासून. पण मला सांगा, हा डोंगर नेऊ कुठं? शिवाय रोज नवा येतो तो वेगळाच."

"इतकी वर्षं कुठं आणून टाकताय, हे नाही कुणी विचारलं साहेब."

"आपले वकील म्हणतात, दिल्लीत स्थगिती मिळेल. मुद्दा पक्का आहे. यंत्र जो वास सोडतं त्यात मूळ पदार्थ नसतोच. नक्कल आहे ती. नकलेवर निकाल कसा देता येईल?"

"स्थगिती म्हणजे किती वर्षं?"

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "ते काय आपल्या हातात असतं का?"

"सभेत आमच्या बाजूनं कोण आहे?"

"खरं सांगू? कुणीच नाही. लोकांना वाटतं, भैरवमळ्याला आता सवय झालीय. आणि तिकडं येतंय कोण हो? रिंग रोडवरून जाताना सगळे काचा वर घेतात."

"मग सभेतच लावा नाकपेटी," सुवर्णा म्हणाली. "हुंगा आणि मग खुशाल हात वर करा."

नाईकनवरे खुर्चीत पुढं सरकले. "नमुना तुमच्या घरचा आहे. न्यायालयानं तो सीलबंद ठेवलाय. तुमच्या संमतीशिवाय कुणाला उघडता येणार नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, सभेला सगळे असतात. पत्रकार, अधिकारी, शिपाई. नीट विचार करा. तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

साहेब धमकावताहेत, असंच तिला तेव्हा वाटलं.

ती संमती देणार हे वस्तीत कळलं आणि ज्या बायकांनी तिला हार घातला होता त्याच तिच्या ओट्यावर येऊन बसल्या. बोलायला झुंबरबाई पुढं होत्या. त्यांच्या नातीचं लग्न ठरत होतं.

"सुवर्णा, कोर्टात झालं ते बंद दाराआड झालं. चार मोठ्या माणसांत. तू ते गावात मांडणार?"

"त्याशिवाय अपील थांबत नाही, काकू."

"न थांबू दे. आणखी दहा वर्षं काढू. पण उद्या आमच्या पोरीला बघायला आलेल्या माणसांना पोरगी दिसायच्या आधी तो वास आठवेल. आम्ही बाहेर पत्ता सांगताना स्टेशनमागं राहतो म्हणून सांगतो, ठाऊक आहे ना तुला?"

सुवर्णाला ठाऊक नव्हतं. ती स्वतः तर प्रचारात ओरडून सांगायची, मी भैरवमळ्याची. तिला ओशाळल्यासारखं झालं, पण कशाबद्दल ते नेमकं उमगलं नाही.

बायका गेल्यावर ईश्वरी आतून बाहेर आली. दवाखान्यात जायची तिची वेळ झाली होती. अंगात जुना विटका ड्रेस, पाठीला रिकामी सॅक.

"आई, देऊ नकोस संमती."

"तूपण?"

"मी रोज घरून असेच कपडे घालून जाते. कधी विचारलंस का, का ते?"

"बसमध्ये खराब होतात म्हणून ना?"

"माझे सगळे चांगले कपडे दवाखान्यात आहेत. लॉकरमध्ये. मी तिथं जाऊन अंघोळ करते, केस धुते, मग पेशंटला हात लावते. पहिल्या आठवड्यात एका आजोबांनी विचारलं होतं, बाळ, इथं काही मेलंय का? मी त्यांचा खांदा धरून उभी होते." ईश्वरीचा आवाज चढला नाही. "आई, तुला खरंच येत नाही?"

"येतो की. वारं फिरलं की येतो. पावसाळ्यात तर—"

"डोंगराचा नाही गं. आपला. आपल्या अंगाचा."

सुवर्णानं नकळत पदर नाकाशी नेला. साबणाचा वास आला, आणखी काही नाही. ईश्वरी ते बघत होती. तिनं सॅक खांद्यावर सारखी केली आणि ती निघून गेली.

सुवर्णानं तांबोळींना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून तिनं विचारलं, "डॉक्टर, माझं नाक बिघडलंय का हो?"

"नाक उत्तम आहे ताई," तांबोळी म्हणाले. "सतत येणारा वास मेंदू हळूहळू बातमी म्हणून घेणंच सोडतो. फुलवाल्याला मोगरा येत नाही, तसंच. जगण्याची सोय असते ती. महिनोन्‌महिने दूर राहिलात तर परत येईल."

"म्हणजे माझ्या घरचा वास मी सोडून सगळ्यांना येतो."

तांबोळी म्हणाले, "मला वाटलं होतं, तुम्हाला हे माहीत आहे."

त्यानंतर तिला एकेक आठवत गेलं. महापौरांची खिडकी. सभागृहात तिच्या शेजारच्या नगरसेविकेला कायम होणारी सर्दी आणि तोंडावरचा रुमाल. हळदीकुंकवात तिला मिळणारी दाराजवळची जागा. चुलत दिराच्या घरी ती गेली की लगेच लावलेली उदबत्ती. त्या उदबत्तीमुळं तिला ते घर फार धार्मिक वाटायचं. तसं ती बोलूनही दाखवायची. आठवेल तसतसे तिचे कान तापत गेले. ती कॉटवरून उठली आणि पुन्हा बसली. घरात कुणी नव्हतं, तरी तिला तोंड लपवावंसं वाटलं.

तरीही तिनं संमती दिली. का दिली, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली ईश्वरी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, एवढं खरं.

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. नगरसचिवांनी प्रस्ताव वाचला. वकिलांनी नकलेचा मुद्दा मांडला आणि तो सगळ्यांना पटलेला दिसला. मग महापौरांनी मान हलवली. तांबोळींनी मधल्या टेबलावर यंत्र ठेवलं, सील तोडलं आणि कळ दाबली. आतला पंखा बारीक घरघरला.

सुवर्णानं श्वास ओढून घेतला. तिला काहीच आलं नाही.

पहिल्या रांगेतले एक वयस्क नगरसेवक बोलता बोलता थांबले. त्यांचं तोंड वाकडं झालं. मग मागची रांग, मग पत्रकार. खुर्च्या सरकल्या. कुणी रुमाल काढला, कुणी शर्टाची कॉलर नाकावर ओढली. शेजारची नगरसेविका तोंड दाबून दाराकडं धावली आणि दारापर्यंत पोचू शकली नाही. कुणी ओरडलं, "बंद करा ते! बंद करा!" साऱ्या गोंधळात एकटी सुवर्णा खुर्चीवर शांत बसून होती. तिला फक्त चेहरे दिसत होते. हळूहळू ते चेहरे यंत्राकडून तिच्याकडं वळले. वासाला धनी असतो, आणि तो समोर बसलाय, हे प्रत्येकाच्या एकाच वेळी ध्यानात आलं असावं. ती निवडणुका हरली होती, तिनं शिव्या खाल्ल्या होत्या. पण भर सभेत अंगावरचं लुगडं ओढल्यासारखं आजवर कधी वाटलं नव्हतं.

यंत्र थांबलं. महापौरांनी विचारलं, "ताई, तुम्हाला काही बोलायचंय?"

ती उठली. तयार करून आणलेलं भाषण आठवेना. "मला काही आलं नाही," ती म्हणाली. "मी तुमच्याकडंच बघत होते. तुमच्याकडं बघून कळलं. बाकी तुम्ही ठरवा."

अपिलाचा प्रस्ताव पडला. बाजूनं वर गेलेले हात बोटांवर मोजण्याइतके होते. सदस्यांनी बाहेर येऊन तिचं अभिनंदन केलं, पण हात जोडून आणि लांबून. तिच्या मागं शिपाई सभागृहात फवारा मारत होता, तो तिच्या खुर्चीवर जरा जास्त वेळ रेंगाळला. ती जिन्याच्या कठड्याला धरून खाली उतरली. जिंकल्याचा आनंद तिला कुठंच सापडला नाही. त्या संध्याकाळी झुंबरबाईंनी तिला बघून दार लोटून घेतलं.

मुदत टळायच्या आत जागा रिकामी करायची होती. नवी जागा कुठं, हा विषय पुढच्याच सभेत आला. प्रशासनानं नकाशा दाखवला: शहराच्या पश्चिमेला, हद्दीत नुकतीच समाविष्ट झालेली पडीक जमीन, नाव टाकळवस्ती. पर्याय दुसरा नव्हता, निदान तसं सांगितलं गेलं. 'तात्पुरती सोय' हे शब्द प्रस्तावात होते. सुवर्णानं ते वाचले. नकाशावर त्या जागेपाशी घरांचे काही ठिपके होते, तेही तिनं पाहिले. मतदान झालं तेव्हा तिनं हात वर केला.

डोंगर उतरायला लागला. ट्रक भरून जायचे, धूळ उडायची, आणि एक दिवस पलीकडची टेकडी दिसली. ईश्वरीनं भिंतींना चुना दिला, गाद्या टाकून दिल्या. बरेच महिने गेले. एका सकाळी सुवर्णा कोथिंबीर निवडत होती आणि एकाएकी थांबली. तिनं जुडी नाकाशी धरली, मग चेहऱ्यावर दाबली; इतका स्वच्छ, कशातही न मिसळलेला वास तिला कित्येक वर्षांत आला नव्हता. "ईशू, अगं कोथिंबीर!" ती ओरडली. ईश्वरी धावत आली आणि दोघी वेड्यासारख्या हसत सुटल्या. त्यानंतर दिवसभर सुवर्णा घरभर हुंगत फिरली. हिंग, काड्यापेटी, ओली माती, पोरीचे केस. ईश्वरी आता घरून इस्त्रीचे कपडे घालून निघायची. झुंबरबाईंनी नातीच्या लग्नाची पत्रिका आपण होऊन आणून दिली.

टाकळवस्तीहून तक्रारी येऊ लागल्या तेव्हा पालिकेनं पाहणी समिती नेमली. भैरवमळ्याचा अनुभव म्हणून सुवर्णाचं नाव सगळ्यांत वर होतं. बाकीचे सदस्य आले नाहीत. ती एकटीच पालिकेच्या गाडीतून गेली. रस्ता वळल्यावर ड्रायव्हरनं काचा वर घेतल्या.

पहिल्याच घरात मंदा गोरडे नावाची बाई होती, ईश्वरीपेक्षा थोडी मोठी, कडेवर मूल. तिनं सुवर्णाला आत बसवलं, पंखा लावला आणि चहा टाकला. सुवर्णा उंबऱ्याच्या आत आली मात्र, तिचं पाऊल अडखळलं. वास भिंतीतून येत होता, गोधडीतून येत होता. तो कुजका, गोडसर आणि चिकट होता, जिभेवर बसणारा. ती तोंडानं श्वास घेऊ लागली. मंदा कप घेऊन जवळ आली तेव्हा तो वास तिच्या साडीतून, केसांतून, मुलाच्या झबल्यातून एकदम अंगावर आला. सुवर्णानं कप घेतला, ओठांपर्यंत नेला, आणि तो तसाच खाली ठेवून ती बाहेर पळाली. अंगणाच्या कडेला वाकून ती ओकली.

सभागृहात सगळ्यांना काय आलं होतं, ते तिला आता कळलं.

मंदानं तांब्या आणून दिला. चूळ भरून झाली तरी सुवर्णाला मान वर करवेना.

"एवढा येतो का हो, मॅडम?" मंदानं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "आम्हाला सुरुवातीला फार यायचा. आता येईनासा झालाय. मला वाटलं, कमी झाला असेल."

खोटं बोलणं सोपं होतं. इतकी वर्षं सगळेच तिच्याशी किती मायेनं खोटं बोलत आले होते.

"येतो," सुवर्णा म्हणाली. "फार येतो. घराला येतो, तुझ्या अंगाला येतो, बाळाच्याही येतो."

मंदाचा चेहरा उतरला. तिनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि नकळत त्याची मान हुंगली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुमच्या तिकडचाच कचरा ना हा?"

"हो."

"मग इथं टाकायचं कुणी ठरवलं?"

"सभेनं." सुवर्णा थांबली. तेवढ्यावर थांबता आलं असतं. "मीही हात वर केला होता. ही घरं नकाशावर दिसत होती मला."

पलीकडं ट्रक रिकामा होत होता, त्याचा आवाज येत राहिला. सुवर्णानं पिशवीतून फोन काढला आणि तांबोळींचा नंबर लावला. "डॉक्टर, यंत्र घेऊन टाकळवस्तीला या. हो, पुन्हा. पालिकेविरुद्धच. अर्जावर पहिली सही माझी घ्या." बोलताना तिचा आवाज तिला फार मोठा वाटला. एवढ्यानं काही फिटत नाही, हे तिला कळत होतं. मंदालाही ते कळत असावं.

फोन ठेवल्यावर तिनं वर पाहिलं. मंदा घरातून खुर्ची ओढत बाहेर आणत होती. ती तिनं अंगणात, वाऱ्याच्या बाजूला, घरापासून बरीच लांब ठेवली आणि पदरानं पुसली.

"तुम्ही इथं बसा, मॅडम," ती हळूच म्हणाली. "मी लांबूनच बोलते."